मधाच्या बियरचा निकाल

सव्वीस वर्सं पलटणीत काढली मी. सुभेदार हंबीरराव म्हणून सगळं कडेगाव मला वळखतं. पिण्यातलं मला कुणी शिकवायचं न्हाई. तवा आमच्या क्रांतीनं मलाच परीक्षक केलं, ह्यात नवल न्हवतं.

पोरगी पुण्यात बियरच्या कारखान्यात केमिस्ट. दोन महिन्यांची रजा काढून आली आन मागच्या खोलीत बरण्या मांडून बसली. मधाची बियर करणार म्हणं! मी लय तडकलो. "लोकं शेण घालतील तोंडात," म्हणलं. पण ती माझीच लेक, हटती व्हय?

"दादा, तुमी चाखा," म्हणाली. "आवडली तर आपल्या बंद गुऱ्हाळात रीतसर लायसन काढून धंदा करणार. न्हाई आवडली तर गप नोकरीवर जाते. पुन्हा नाव काढणार न्हाई."

रजेच्या शेवटच्या दिवशी, रविवारी दुपारी, तिनं बाटली माझ्यापुढं ठेवली आन शेंगदाणे भाजायला आत गेली. मी पलटणीच्या शिस्तीनं गिलास भरला, निम्मा बाटलीतनं, निम्मा माठातल्या गार पाण्यानं. रम आमी अशीच घेत आलो. कोरी पिणारा लवकर जातो.

घोट घेतला. हात्तिच्या! क्रांती दाणे घेऊन आली, तवा मी तोंडावरच सांगितलं, "पानचट हाय."

ती रडली न्हाई, भांडली न्हाई. "बरं," म्हणाली, आन फोन घेऊन अंगणात गेली. "सर, उद्या येते मी," एवढंच ऐकू आलं. जिंकलो होतो मी, पण तिचा तो आवाज ऐकून काळजात चर्र झालं.

तेवढ्यात माझी बायको रंगूबाई माझ्यापुढचा पाण्याचा तांब्या बघून चवताळून आली. "आवं, पोरगी पाच आठवडे त्या बरण्यांपाशी राबली, आन तुमी तिच्यात तांब्याभर पाणी वतलं? बियरमदी कुणी पाणी घालतं व्हय?"

आता खरं सांगतो. बियर मी जन्मात घेतली न्हवती.

नवा गिलास घेतला आन नुसती बियर वतली. फेस वर आला. पहिल्यांदा मध लागला, मग आल्यानं घसा चुरचुरला, आन गिळल्यावर वेलदोडा, दालचिनी कितीतरी वेळ तोंडात रेंगाळली. गोड होती, पण दुसरा घोट मागत होती. च्यायला, हे माझ्या लेकीच्या हातचं! अभिमानानं ऊर भरून आला गड्या.

गिलास घेऊन तसाच अंगणात पळालो. तिचं बोलणं अजून चालूच होतं, तिच्या हातातला फोन हिसकला. "साहेब, मी तिचा बाप. पोरगी उद्या येणार न्हाई. परीक्षकच बिनडोक निघाला."

फोन ठेवला. आईचं वरडणं क्रांतीनं ऐकलं होतं. "दादा, पाणी घातलंत?"

"व्हय," म्हणलं. "चुकलो, पोरी."

तीस वर्सं संसार झाला, पण हा शब्द माझ्या तोंडून रंगूबाईनंसुद्धा पहिल्यांदाच ऐकला.