राखेतली खुडणी

डोंगर फुटला तेव्हा व्हेनेराच्या बागेतली द्राक्षं पिकायला आठवडाभर तरी अवकाश होता. एटना ज्वालामुखीच्या अंगावर राहणाऱ्यांना त्याच्या कुरबुरी नव्या नसतात, पण या खेपेला लाव्हा गावाच्याच रोखानं निघाला होता. चेस्टनटचं रान जाळत, थकल्या म्हाताऱ्याच्या चालीनं तो खाली सरकत होता.

गाव खाली करायचा हुकूम आला. लोकांनी घरं उसवायलाच घेतली. दारं, खिडक्या, कौलं, सगळं गाड्यांवर चढू लागलं. व्हेनेराचा दीर चिरिनो धावतपळत आला, तर ही बाई खेचरगाडी जुंपून बागेत द्राक्षं खुडत उभी. नवरा वारल्यापासून बाग तीच बघत होती.

"वहिनी, आधी कौलं उतरवू या."

"कौलं कुठंही मिळतील, भावोजी. नेरेल्लोची द्राक्षं कुठं मिळणार? उरलेल्या सिसिलीत हा वेल लावून बघा, असा रंग धरतो का ते."

"अहो, पण कच्ची आहेत ती! वाइन कसली, व्हिनेगर होईल."

"होऊ दे. डोंगराच्या घशात घालण्यापेक्षा माझ्या पिंपात घालीन."

"तुमचं डोकं फिरलंय."

"फिरलंय ना? मग तुम्ही कौलं काढा. गाडी मात्र माझी आहे."

राख भुरभुरत होती. व्हेनेरा प्रत्येक घडावरची राख फुंकायची आणि तो टोपलीत टाकायची. दुपारी एक शिपाई घोड्यावरून ओरडत आला, "बाई, हुकूम ऐकला नाहीत का?"

"वर जाऊन त्याला द्या हुकूम," तिनं डोंगराकडे बोट केलं. "तो थांबला की मीही थांबते."

शिपायानं घोडा पुढं काढला. चिरिनोला हसू आवरेना. त्यानं कौलांचा नाद सोडला आणि टोपली उचलली.

गाडी भरली, पण द्राक्षं तुडवून रस काढायचा कुठं? तिच्या घरालगतचं दगडी टाकं लाव्ह्याच्या वाटेतच होतं. ओढ्यापलीकडे एकच टाकं होतं, फिलादेल्फोचं. बांधाच्या भिंतीवरून तो आणि तिचा नवरा कोर्टात गेले होते, तेव्हापासून बोलणं बंद. व्हेनेरानं गाडी सरळ त्याच्या अंगणात नेली.

"टाकं रिकामं आहे का तुझं?"

"तुझा नवरा असता, तर माझ्या अंगणात पाऊल टाकलं नसतं त्यानं."

"तो नाहीये. मी आहे. देतोस, की जाऊ?"

फिलादेल्फोनं गाडीकडे पाहिलं, मग आभाळातल्या धुराकडे. खाली बसून बूट काढू लागला. "भिंत चुकीचीच घातली होती तुम्ही," टाक्यात उतरताना त्यानं सुनावलंच.

"उद्या ती भिंतही राहायची नाही. तुडव मुकाट्यानं."

दुसऱ्या दिवशी लाव्ह्यानं घर घेतलं. स्वयंपाकघराची भिंत आत कोसळली, तेव्हा व्हेनेरा ओढ्याच्या काठावर उभी होती. चिरिनोनं धरायला हात पुढं केला. तिनं तो झटकला आणि शेवटपर्यंत उभी राहिली.

हिवाळ्याअखेर पिंप उघडलं. वाइन फिकट लाल, जिभेला चावणारी. बंदरावरच्या व्यापाऱ्यानं घोट घेतला आणि थुंकला. "ही सॅलडवर ओता, बाई."

"विकायला आणलीच नाही मी. तुम्ही मागितलीत, म्हणून चाखवली."

त्या रविवारी फिलादेल्फोच्या अंगणात निखाऱ्यांवर रानबडीशेपेचं सॉसेज भाजलं. सोबत मिरी घातलेलं मेंढीच्या दुधाचं चीज. चरबीच्या घासावर ती आंबट वाइन अशी काही बसली, की चिरिनोनं पेला पुन्हा पुढं केला.

"व्हिनेगर ना हो हे, भावोजी?"

"ओता तुम्ही."

बाग मात्र सगळी गेली नव्हती. वरच्या अंगाला लाव्हा दुभंगला होता आणि मधल्या तुकड्यात जुने वेल तसेच उभे होते. भोवती सगळा थिजलेल्या लाव्ह्याचा काळा दगड.

"विसरा ती जागा," चिरिनो म्हणाला. "तिथं जायला वाटच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हेनेरानं बुटांवर गोणपाट गुंडाळलं आणि कात्री घेऊन निघाली. दगड अजून गरम होता. फटींतून वाफ येत होती. चिरिनो काठावरून बोंबलत राहिला, "वहिनी, मागं फिरा!"

"छाटणीचे दिवस आहेत!" पलीकडून उत्तर आलं.

तिन्हीसांजेला ती परतली तेव्हा बुटांचे तळ करपले होते आणि निम्मे वेल छाटायचे राहिले होते.

"उद्या पहार आणा, भावोजी," ती म्हणाली. "वाट करायचीय."