पुष्पाबाईचं मत

"काकाजी, तुमी जरा तिकडं बसा ना," गोंदियाहून सर्वेला आलेली चेतना म्हणाली. "मत काकीजीचं पाहिजे. एकटीनंच द्यावं लागते."

सुकराम हसला. "तिचं अन् माझं एकच हाय, पोरी. मलेच पूस."

"तसं नाई चालत, काकाजी."

तो कुरकुरत उठला आणि गोठ्यापाशी जाऊन पाठमोरा बसला.

दरेकशाच्या जंगलकडेला मोहाची फुलं वेचायचे दिवस होते. पहाटेपासून वाकून पुष्पाबाईचं अंग जड झालं होतं. अंगणभर वाळत पडलेल्या फुलांच्या गोड वासानं डोळ्यांवर झापड येत होती. चेतनानं नमुन्याची मतपत्रिका तिच्या हातात दिली.

"खऱ्या निवडणुकीले टाइम आहे. लोकायच्या मनात काय आहे, तेवढंच पाहून राहिलो. पाहिजे त्या चिन्हावर खूण करा, घडी घाला अन् या डब्यात टाका. मलेबी दाखवू नका."

पुष्पाबाईनं आजवर एकही निवडणूक चुकवली नव्हती. बटण कोणतं दाबायचं, ते सुकराम सांगायचा. त्यात तिला कधी वावगं वाटलं नव्हतं. आता मात्र कागदावरची चिन्हं पाण्यात पडल्यासारखी हलू लागली. मनात काय आहे? ती आत बघू गेली, तर तिथं माहेरची बोडी दिसली. तळ्याच्या काठावर चिंचेची सावली, आणि पाण्यात पाय सोडून बसलेली एक पोर. ती पोर मान वळवून तिच्याकडंच बघत होती.

"काकीजी? झोप लागली का?"

"नाई वं."

तिनं खूण केली. घडी घातली. डब्यात टाकली.

चेतना गेल्यावर सुकराम लगबगीनं आला. "कोनाले देल्लं?"

"नाई सांगत."

"काऊन? मी का परका हाव?"

"परके नाई. पर नाई सांगत."

 भाजी अळणी झाली होती, तरी तो मुकाट्यानं जेवला. संध्याकाळी फुलं गोळा करताना सगळं सांगून टाकावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण मग आपल्यापाशी काय उरेल, असं वाटून ती फुलं टोपलीत भरत राहिली.

खऱ्या मतदानाच्या सकाळी दोघं शाळेकडं निघाली. वाटेत सुकराम थांबला. त्यानं तोंड उघडलं, तिच्याकडं पाहिलं, मग पायाखालच्या धुळीकडं.

"ऊन लागून राह्यलं," तो म्हणाला. "पदर घे."