न तोडलेला साप

थडग्याच्या आतल्या खोलीत कोरलेलं अक्षर, काढलेलं चित्र जिवंत होतं, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून सापाच्या आकाराचं अक्षर कोरलं की छिन्नीनं लगेच त्याची मान तोडायची. नाहीतर उठून आतल्याला डसतो. चाळीस वर्षं मी माना तोडल्या. सेनबूच्या थडग्यात एक सोडली. मुद्दाम.

प्रांताचा कारभारी होता सेनबू. ‘मी भुकेल्याला भाकर दिली, कुणाच्या लेकराला रडवलं नाही,’ हे बाहेरच्या भिंतीवर माझ्याच हातून कोरून घेतलं मेल्यानं! माझी लेक नेबेत त्याच्याकडे भाकऱ्या भाजायची. कोठारात साप दिसला म्हणून दारात थबकली, तर हा म्हणतो, “साप काय माझं धान्य खातोय? जा, आण.” अनवाणी गेली पोर. दिवस मावळायच्या आत काळीनिळी पडली. चटईत गुंडाळून वाळूत पुरली मी तिला. गरिबाला कुठली भिंत, आणि कुठलं नाव? नाव नाही म्हणजे त्या जगात भाकरही नाही.

वर्षाच्या आत सेनबूही गेला. मढं टिकावं म्हणून सत्तर दिवस तो खारात वाळत पडला होता, तेवढ्यात मी शवपेटीच्या उशाशी, भिंतीच्या तळाला, शेवटची ओळ कोरली. त्यातला साप चांगला जाडजूड काढला आणि धडधाकट ठेवला.

मिरवणुकीच्या दिवशी बैलांनी पेटी ओढत आणली, भाड्याच्या बायकांनी ऊर बडवले. खाली उतरण्याआधी पुजाऱ्यानं विचारलं, “सगळे साप तोडलेस ना रे?”

“हो महाराज, एकूण एक.”

पेटी आत गेली, दार लिंपलं, शिक्के उमटले. मला इतकं बरं वाटलं की मी जेवणाच्या पंगतीत हंसाची तंगडी मागून घेतली.

शेजारी रंगारी इपी बसला होता. माझ्यामागून खोलीत रंग भरायला तोच उतरायचा. जवाची दारू पिऊन खुशीत आलेला.

“म्हातारबा, तुझं एक काम केलंय. ऐकशील तर नाचशील!”

“बोल की.”

“सेनबूच्या उशाशी भाकरीची टोपली घेतलेली पोरगी काढायची होती ना? तिच्यावर तुझ्या नेबेतचं नाव लिहिलं. तोंडही तिचंच. आता पोर कधी उपाशी राहायची नाही बघ.”

माझ्या हातातली तंगडी पडली. “कुठे काढलीस?”

“तुझ्या शेवटच्या ओळीवरच उभी केली. अनवाणी. चपला कधी घालायची का ती?”

मी धावत सुटलो. मजूर खोलीकडे उतरणाऱ्या विवरात दगड लोटत होते. अर्धं भरलंही होतं.

“थांबा रे! एक साप तोडायचा राहिलाय!”

मुकादम हसला. “जास्त झाली वाटतं, आजोबा. पुजाऱ्यासमोर तूच म्हणालास ना, एकूण एक म्हणून?”

दगड पडत राहिले. छिन्नी माझ्या कमरेलाच होती.