मुकी विनंती

निवडणूक मंगळवारी झाली आणि बुधवारी संध्याकाळी नेहमीप्रमाणे चर्चमध्ये प्रार्थनासभा होती. व्हर्लन टॅकेट दर बुधवारी जातो तसा गेला, फक्त या वेळी इस्त्रीचा शर्ट घालून. मंगळवारी दिवसभर त्याने नुसत्या काळ्या कॉफीवर उपास काढला होता. नवा राष्ट्राध्यक्ष आपलाच, हे पक्कं झालं तेव्हा तो टीव्हीसमोर गुडघे टेकून ढसाढसा रडला.

त्याला कोणी हसू नये. ज्यांच्या राज्यात तो राबायचा ती खाण बंद पडली, ज्यांनी टीव्हीवर त्याच्यासारख्यांच्या बोलण्याच्या नकला करून टाळ्या मिळवल्या, आईच्या पोटातलं मूल ज्यांच्या खिजगणतीत नव्हतं, ती माणसं हरली होती. केंटकीच्या त्या डोंगरांत वळणावळणावर त्याने स्वतः प्रचाराच्या पाट्या ठोकल्या होत्या. कोणाच्या घरचं कुत्रं चावरं आणि कोणाचं नुसतं भुंकणारं, हे त्याला पाठ झालं होतं. एवढं करून जिंकल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. व्हर्लनच्या छातीवर मात्र सकाळपासून धोंडा होता, आणि तो कोणी ठेवला हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

सकाळी टबीथाचा फोन आला होता. टबीथा त्याची एकुलती एक मुलगी, लेक्सिंग्टनला शाळेत शिकवते. मागच्या निवडणुकीत व्हर्लनचा पक्ष हरला, तेव्हा थँक्सगिव्हिंगच्या जेवणात ती हसून काहीतरी बोलली. व्हर्लनने हातातली सुरी खाली ठेवली आणि म्हणाला, "देवाला भिणाऱ्यांसाठी आहे हे टेबल." ती भरल्या ताटावरून उठली, गाडीत बसली आणि गेली. तिची आई असती तर तिने दोघांचे कान उपटले असते, पण ती आधीच कबरीत जाऊन निजली होती. तेव्हापासून बापलेकीत एक शब्द नाही.

आणि आज चार वर्षांनी फोन. "डॅडी, उठलात का?" एवढंच ती म्हणाली. मागे कोणाचं तरी नाव पुकारल्याचा आवाज येत होता. व्हर्लनला वाटलं, ही भांडायला आली, नाहीतर हार मानायला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस दुसरं कशाला फोन करेल?

"मग? कळलं ना देव कोणाच्या बाजूने आहे ते?" तो म्हणाला. "आता बोल की. तेव्हा फार हसत होतीस."

पलीकडे पुन्हा कोणाचं तरी नाव पुकारलं गेलं. मग ती म्हणाली, "बरं डॅडी. ठेवते." दिवसभरात त्याने तीनदा फोन लावला, पण तिने उचलला नाही.

चर्चच्या दारातच बायकांनी केक मांडला होता, वर लाल-पांढऱ्या-निळ्या साखरेचा झेंडा काढलेला. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. व्हर्लन आपल्या ठरलेल्या बाकावर बसला आणि प्रचाराची टोपी मांडीवर ठेवली. शेजारची जागा त्याच्या थोरल्या बहिणीची, इमोजीनची. ती अजून आली नव्हती.

या चर्चची एक रीत आहे. सगळ्यांनी कशासाठी प्रार्थना करायची त्या विनंत्यांची वेळ झाली की कोणी गुडघ्याचं ऑपरेशन सांगतं, कोणी जावयाची दारू. ज्याला तोंडाने सांगवत नाही तो नुसता हात वर करतो. ती मुकी विनंती. पाळक म्हणतात, "प्रभूला ठाऊक आहे," आणि कोणी काही विचारत नाही. घरी जाताना तर्क मात्र सगळेच लढवतात. टबीथा गेल्यापासून व्हर्लन दर बुधवारी हात वर करत आला होता. लेकीला स्वतःच हाकललं, आता तिला परत आण असं चारचौघांत कोणत्या तोंडाने सांगणार? लोकांनी टोपी पाहिली आणि ही विनंती निवडणुकीचीच असणार असं ठरवून टाकलं.

पाळक लाइल तरुण, उत्साही. त्यांनी आधी विजयाबद्दल देवाचे आभार मानले आणि मग सरळ व्हर्लनकडे हात केला. "आपले ब्रदर व्हर्लन इतकी वर्षं मुकी विनंती घेऊन येतायत. आज ती मुकी राहायचं कारण नाही. उठा ब्रदर, सांगा सगळ्यांना, प्रभूने ऐकलं की नाही?"

टाळ्या सुरू झाल्या. मागून कोणीतरी त्याला खांद्याला धरून उभं केलं. समोर सगळे ओळखीचे चेहरे, आणि सगळे आनंदात. काल हेच लोक त्याच्याबरोबर उपाशी राहिले होते. मी हे मागतच नव्हतो, असं सांगून यांच्या केकमध्ये माती कशी कालवायची?

"ऐकलं," व्हर्लन म्हणाला. "प्रभूने ऐकलं." सगळे आमेन म्हणाले आणि तो बसला. त्याला स्वतःची शिसारी आली.

तेवढ्यात इमोजीन आली. कोट न काढताच ती त्याच्याजवळ सरकली आणि कानाशी म्हणाली, "सकाळी टॅबीचा फोन आला ना रे तुला?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तिनेच. मला गळ्याची शपथ घातली होती, डॅडींना मीच सांगेन म्हणाली. काय म्हणालास मग? केलीस ना प्रार्थना?"

"कसली प्रार्थना?"

इमोजीनने मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. "अरे, छातीत गाठ निघालीय तिच्या. आज सकाळी ऑपरेशन होतं. आत न्यायच्या आधी तुला फोन करणार होती. लहानपणी दात काढायचा असला तरी तू तिच्या डोक्यावर हात ठेवून दोन शब्द बोलायचास ना, ते हवे होते पोरीला. देव-बिव मानत नाही म्हणते, पण डॅडींनी म्हटलं की भीती जाते म्हणाली."

"आता कशी आहे?" व्हर्लनने विचारलं.

"दुपारी बाहेर आणलं. डॉक्टर धड बोलत नाहीत. पसरलंय म्हणे. तू काय बोललास तिच्याशी?"

प्रभूने खरंच ऐकलं होतं. चार वर्षं ज्यासाठी हात वर केला, ते आज सकाळी आपल्या पायांनी दारात आलं होतं, आणि व्हर्लनने त्याला टोमणा मारून घालवून दिलं होतं. मत त्याने उद्याही तिथेच टाकलं असतं. त्याचा त्याला पस्तावा नव्हता. पण त्या मताने त्याच्या कानांत असा बोळा घातला होता की लेकीचा घाबरलेला आवाजही त्याला ऐकू आला नाही.

"आता विनंत्या," पाळक म्हणाले. कोणी नातवाचा दमा सांगितला, कोणी विहिरीचं पाणी. "आणि मुक्या विनंत्या?"

इमोजीनने हात वर केला आणि दुसऱ्या हाताने त्याला ढोसलं. "कर की वर. सगळ्यांनी मिळून मागू दे तिच्यासाठी."

व्हर्लनचा उजवा हात मांडीवर होता. ह्याच हाताने तो टबीथाचं डोकं झाकायचा. तो हात मांडीवरून थोडा उचलला गेला.

"तुला आता आणखी काय मागायचं उरलंय रे, व्हर्लन?" मागच्या बाकावरून कोणीतरी प्रेमाने म्हणालं, आणि आसपासचे चारपाच जण हसले.

हाताने टोपी नीट केली आणि तो परत मांडीवर गेला.

"आज एकच?" पाळक म्हणाले. "प्रभूला ठाऊक आहे. चला, प्रार्थना करू."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. व्हर्लननेही डोळे मिटले आणि टबीथाचं नाव घेऊन मनातल्या मनात सुरुवात केली. पुढे शब्दच सुचेनात. पुन्हा पुन्हा ओठांवर तेच येत राहिलं, कळलं ना देव कोणाच्या बाजूने आहे ते.