खालच्या तुकड्यातला चिखल

चार दिवस पाऊस कोसळला आणि पाचव्या दिवशी दुपारी जरा उघडीप मिळाली, तेव्हा ताई खिडकीशी बसून खालच्या तुकड्याकडेच बघत होती. रोपवाटिका तिची. सगळे तिला ताईच म्हणायचे, वयाने मोठे असलेलेसुद्धा. खालच्या तुकड्यात तिने स्वतः बांधलेली दोनशे कलमं होती आणि त्यांच्या बुडाशी पाणी चकाकत होतं. अजून एक दिवस गेला की मुळं कुजणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

कामाच्या बाया पावसामुळे आल्या नव्हत्या. धाकटा भाऊ रोपं पोचवायला गेला होता आणि जाताना दारातून बजावून गेला होता, "ताई, खाली उतरायचं नाही. फरशीचा रस्ता आहे तिथवर काय फिरायचं ते फिर."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे का रे?"

"बाळ उचलता तरी येतं. तुझी खुर्ची दोन माणसांच्या वजनाची आहे."

नऊ वर्षांपूर्वी पाठीचा कणा मोडला, तेव्हापासून खुर्चीच तिचे पाय. ही बॅटरीवरची, जाड खाचांच्या टायरांची. भावाचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान. खुर्चीची निगाही तोच राखायचा. दर आठवड्याला पुढच्या छोट्या चाकांत गुंतलेलं गवत उपटायचा, बेअरिंगला ग्रीस लावायचा, वायरींचे जोड तपासायचा. पाण्याचा फवारा मात्र मारू द्यायचा नाही. "चिखल वाळू द्यायचा आणि ब्रशने झाडायचा. मोटरीत पाणी गेलं की संपला खेळ." आणि दुसरा धडा असा, की चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर खुर्ची चालवायच्या दांडीवरून लगेच हात काढून घ्यायचा.

ताईने लांब दांड्याचं खोरं मांडीवर आडवं घेतलं आणि निघाली. कडेच्या गवतावरून, हळूहळू, चाकाखालची जमीन बघत. पाणी बाहेर नेणाऱ्या चराच्या तोंडाशी गाळ साचला होता. खुर्चीत बसूनच तिने तो दहा-बारा ओढींत मोकळा केला आणि तुंबलेलं पाणी खळाळत चरात धावलं. "जा बाबा एकदाचं," ती मोठ्याने म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिला कुणाला काही मागावं लागलं नव्हतं.

वळताना उजवं चाक गेलं. वरून वाळल्यासारखा दिसणारा थर, खाली नुसता लगदा. हात काढायचा हे तिला ठाऊक होतं, पण तिने काढला नाही. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जोर दिला आणि चाकाने आपल्यासाठी छान खड्डा खणला. मग मोटर तापली आणि हाताशी असलेला दिवा लुकलुकून खुर्ची गप्प झाली.

मोबाईल पाठीमागच्या पिशवीत. पिशवी पाठीमागे, हात पुढे. तिने दहा मिनिटं मोटर गार होऊ दिली. मग बसायची जागा मागे कलती केली, म्हणजे वजन मोठ्या चाकांवर येईल. खुर्ची वीतभर सरकली आणि पुन्हा रुतली. जवळच शेडनेटच्या जाळीचा एक फाटका तुकडा पडला होता. तो खोऱ्याने ओढून तिने चाकाखाली सारला. चाकाने तो गिळला, आसाभोवती गच्च गुंडाळला आणि खुर्चीची होती ती हालचालही बंद झाली. हात दाखवून अवलक्षण!

त्यात चराचा बांध मध्येच फुटला. तिनेच सोडलेलं पाणी आता तिच्याच अंगावर यायला लागलं. आधी पाय ठेवायची पाटी भिजली. तिच्यावर चार बोटं बॅटरीची पेटी. चर बुजवावा तर कलमं जाणार, न बुजवावा तर खुर्ची. ओरडून उपयोग नव्हता, तरी ती ओरडली. तिचाच आवाज परत आला, आणि तो तिला अजिबात आवडला नाही.

तिने कमरेचा पट्टा सोडला आणि खुर्चीच्या हाताला धरून स्वतःला खाली सोडून दिलं. पाय कुठे पडले ते तिला कळलं नाही, बघावं लागलं. कोपरांवर ओढत ती बांधाच्या भगदाडाशी गेली आणि खोऱ्याने, मग नुसत्या हातांनी, पाण्याला पडीक जमिनीकडे नवी वाट करून द्यायला लागली. नखं सोलली. पाणी वळायला तयार नव्हतं. मग जरासं वळलं. मग सगळंच वळलं. पेटी कोरडी राहिली.

पण परत वर बसणं तिच्या हातात नव्हतं. तिने दोनदा प्रयत्न केला. पिशवी पाठीला उंच टांगलेली, मोबाईलही खालून हाताला लागेना. मग खुर्चीच्या आडोशाला चिखलात पाठ टेकली आणि वाट बघत राहिली. पायांवरचे ओरखडे मोजले. थंडी मात्र कमरेच्या वरच वाजत होती. मान वर केली की घराची खिडकी दिसायची, दोन मिनिटांच्या वाटेवर.

ऊन उतरायला लागल्यावर भाऊ आला. रागावलासुद्धा नाही. तिला पाठीवर घेऊन घरी नेलं, मग फळ्या आणि दोर घेऊन खुर्ची काढायला गेला.

खुर्ची पाच दिवस पडवीत सुटी पडली होती. पाणी पेटीत नाही, पण एका जोडात शिरलंच होतं. ताई खाटेवर. हाताने ढकलायची जुनी खुर्ची उंबरठ्यावर अडायची. पाण्याच्या ग्लासासाठीसुद्धा हाक मारावी लागायची. छताच्या पट्ट्या मोजून पाठ झाल्या. बाहेरून ब्रशची खरखर तेवढी ऐकू यायची.

"कलमांचं काय?" ती रोज विचारायची. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "एकशे ऐंशीच्या वर उभी आहेत," आणि पुन्हा ब्रश घेऊन बसला.

पाचव्या दिवशी तिला राहवलं नाही. "एकदाचं रागाव तरी!"

ब्रश थांबला. "मी आलो तेव्हा रिकामी खुर्ची दिसली, ताई. पाण्याच्या कडेला. तू तिच्या मागे होतीस, चिखलाने माखलेली. मला नाही दिसलीस. हाक मारायचं धाडस होईना. मारली आणि ओ आली नाही तर?"

ताईने आपल्या सोललेल्या नखांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी पुन्हा जाणार आहे. वाळलं की."

"माहीत आहे."

"तू दारात बसून राहू नकोस."

"ते नाही जमायचं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला खुर्चीत बसवलं. मोटर पूर्वीसारखीच गुणगुणली. फरशी संपली तिथे ताईने खुर्ची थांबवली. पुढे चिखल होता, अजून आठवडा तरी वाळायचा नव्हता. खाली बाया कलमांना काठ्या बांधत होत्या.

"गाठ सैल बांधा गं! खोड आवळू नका!"

"बांधतोय ताई, सैलच बांधतोय!" खालून आवाज आला.

तरी ती दिवस मावळेपर्यंत तिथेच बसून ओरडत राहिली.