निळीची ऊब

गुरुरावांचं घराणं म्हैसूरचं जुनं रंगारी. तीन पिढ्यांची मनगटं निळीच्या रांजणात बुडाली. आता रांजण राहिले नव्हते. कुवेंपुनगरात लेकीचं घर होतं, आणि बायको गेल्यापासून त्या घरात बापलेक दोघंच.

लेक पुष्पावती दक्षिण ध्रुवाकडच्या खारट तळ्यांतल्या सूक्ष्म जीवांचा अभ्यास करायची. दोनदा जाऊन आली. दुसऱ्या खेपेला ती तिकडे असताना गुरुराव न्हाणीघरात पडले, ते दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला सापडले. तेव्हापासून तिने ठरवलं होतं, पुन्हा जायचं नाही. तळ्याच्या तळाचं पाणी भरलेली एक बाटली जवळ होती. तेवढ्यावर काम पुरं होणार होतं.

प्रयोगशाळेतला फ्रीजर बिघडला म्हणून ती बाटली दोन दिवसांसाठी घरी, फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात आली. हे गोठत कसं नाही, असं गुरुरावांनी विचारलं. तिने सांगितलं, हे तळं समुद्रापासून तुटलेलं. हजारो वर्षं पाणी उडत गेलं आणि मीठ मागे राहिलं. समुद्राच्या कितीतरी पट खारट, म्हणून गोठत नाही. आणि त्यात जीव आहेत, हवेशिवाय जगणारे. झाकण तेवढं उघडू नका, असं बजावून ती घाईने निघाली. थंडीतच ठेवा, हे सांगायची तिला गरज वाटली नाही. शहाण्या माणसांचं असंच असतं. मुख्य तेच सांगायचं राहतं.

गुरुरावांना जिवंत पाणी नवं नव्हतं. निळीचा रांजणही जिवंतच. त्यालाही वारा सोसत नाही, त्याला गूळ-चुना चारावा लागतो आणि गारठला की तो मरतो. थंडीत त्यांचे वडील आपलं कांबळं रांजणावर घालून स्वतः कुडकुडत निजायचे. बर्फातली ती बाटली पाहून म्हातारा कळवळला. झाकणाला हात न लावता त्यांनी ती त्याच कांबळ्यात गुंडाळली, भाताच्या गरम पातेल्याशेजारी ठेवली आणि संध्याकाळपर्यंत राखत बसले.

पुष्पावतीने येऊन कांबळं उघडलं. आल्या पावली बाटली घेऊन प्रयोगशाळेत गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतली. सूक्ष्मदर्शकाखाली काहीच हललं नव्हतं. गारठ्यावर जगणारे जीव उबेने मेले होते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

रांजण मेला की रंगाऱ्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नसे. गुरुरावांनी ताट मागे सारलं.

“अप्पा, मी दुसरं काम घेते,” ती म्हणाली. “तुम्हांला सोडून जात नाही.”

“मेलेला रांजण परत लावायचा, तर जित्या रांजणातलं तांब्याभर आणावं लागतं, मगळे. सुम्ने, नुसतं बसून होत नाही ते. तू जा.”

“आणि मागच्यासारखं झालं तर?”

“झालं तर झालं.”

ते उठले. कांबळं झटकून त्यांनी नीट घडी घातली आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

“हे घेऊन जा. तुला तरी ऊब लागतीच की.”