आप्पांचा खाण्याचा सोडा

जास्वंदीचं फूल कागदावर चोळायचं आणि त्या जांभळ्या कागदाला आंबट लावून तो लाल करून दाखवायचा, हे आप्पा मास्तरांनी रत्नागिरीच्या शाळेत जन्मभर केलं. पेन्शनीत पोरं उरली नाहीत, तेव्हा ते घरच्यांकडे वळले. त्यातच मुंबईच्या कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं, की सगळे रोग आम्लानं होतात. झालं! कोकणातल्या घरातून आमसूल हद्दपार झालं.

लेक मथुरा तेव्हा दिवस गेल्यामुळे माहेरी आली होती. अन्न म्हणून पोटात ठरत नव्हतं. आप्पांनी तिच्या उलटीला कागद लावला. लालभडक. पोरीच्या अंगात आम्ल साचलंय, असा निकाल देऊन ते तिला खाण्याचा सोडा पाजू लागले.

"अहो, तिला आमसुलाचं सार हवंय," यमुनाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "डोहाळे कुणाला सोड्याचे लागतात होय?"

पण घरात शास्त्र शिकलेले आप्पा एकटेच. उलटी झाली की कागद लाल होई आणि कागद लाल झाला की सोडा वाढे. एका सकाळी मथुराच्या हातांची बोटं आखडली आणि काही केल्या सुटेनात. आप्पा तसेच डॉक्टरांना आणायला धावले.

डॉक्टरांनी तिच्या शिरेतून मिठाचं पाणी सोडलं आणि मग सोड्याची हकीकत ऐकली.

"आप्पा, आम्ल तर उलटीतून बाहेर चाललं होतं," ते म्हणाले. "उपसलेलं पाणी बघून विहीर भरलीय म्हणालात तुम्ही. रक्त फार आंबट होऊ नये, सोड्यासारखं फार क्षारीयही होऊ नये, हे शरीरातल्या पेशीच सांभाळतात. मूत्रपिंडातल्या पेशी हिचा जादा क्षार बाहेर टाकायला धडपडत होत्या, आणि तुम्ही वरून ओतत होतात. त्यानंच बोटं आखडली."

म्हणजे डोळ्यांना दिसत नाहीत एवढ्याशा त्या पेशी, ना शाळा ना पेन्शन, पोरीला जगवायला झटत होत्या. आणि त्यांच्या वाटेत धोंडा कोण, तर शास्त्राचे मास्तर! आप्पांना स्वतःचं हसू आलं, पण लगेच मनात आलं, मथुराला काही झालं असतं तर?

दुपारी तिची बोटं सैल झाली. यमुनाबाईंनी मीठ घातलेली पेज आणली. आप्पांनी वाटी मागून घेतली आणि लेकीला चमच्याने भरवू लागले. एक घोट गेला, दुसरा गेला. पेज पोटात राहिली.

"आप्पा, तुम्ही जेवलात?" मथुराने विचारलं.

त्यावर मास्तरांना रडू फुटलं.